तंबोऱ्यामागची गैरहजेरी

दिवाळी झाली की आमच्या राहात्याचा रस्ता उसाचा होतो. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात, मागे पडलेल्या कांड्यांवर शाळेतली पोरं आणि मोकाट गाई सारख्याच हक्काने तुटून पडतात, आणि एखाद्या संध्याकाळी वारा फिरला की मळीचा वास येतो. गोड, आंबट, थोडा कुजका. पुण्याहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मी खिडकी उघडते. प्रेमाने नव्हे. काही वास आले की जुन्या खटल्याची तारीख लागल्यासारखं होतं, आणि तारखेला हजर राहायची मला सवय आहे.

यंदा वास आला त्याच दिवशी शेजारची सून मोबाईल घेऊन आली. तिच्या मुलीला गाण्याच्या क्लासाला घातलंय. क्लासवाल्या बाईंनी नियम पाठवले होते. फी महिन्याच्या सुरुवातीला द्यावी. बुडालेला तास भरून मिळणार नाही. हजेरी कमी असल्यास परीक्षेला बसवणार नाही. पालकांनी वर्गात थांबू नये.

"काकू, गाण्याला एवढं कडक कशाला हो?" ती म्हणाली.

"कडक नाहीये. यात बिल्ला नाही," मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही. चहा पिऊन ती गेली, आणि मी खिडकीशी बसून राहिले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा हंगाम. आम्ही तेव्हा कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कारखान्याच्या टाइम ऑफिसात टाइमकीपर होते. कोण कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे लिहून ठेवणं त्यांचं काम. चिमणीतून चिपाडाची काळी राख उडायची आणि वाळत घातलेल्या धोतरांवर बसायची. कॉलनीतल्या बायका राखेला शिव्या घालायच्या आणि पगाराच्या दिवशी त्याच चिमणीला हात जोडायच्या.

कॉलनीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दाणी मास्तरांचा गाण्याचा क्लास भरायचा. भरायचा म्हणजे ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो येऊन बसायचा. मास्तर सायकलवरून कोपरगावातून यायचे, पेटी उघडायचे आणि जो समोर असेल त्याला शिकवायचे. बाकीचे ऐकत बसायचे. दुसऱ्याच्या चुका ऐकून आम्ही शिकायचो, आणि खरं सांगायचं तर ती सगळ्यात चांगली शिकवणी होती. स्वतःची चूक ऐकू येत नाही. दुसऱ्याची भिंतीपलीकडूनही येते.

मधेच कारखान्याचा भोंगा व्हायचा. पाळी बदलायची. मास्तर भाता थांबवायचे, भोंगा संपेपर्यंत डोळे मिटून बसायचे आणि मग म्हणायचे, "ऐकलंत? बेसूर आहे, पण वेळेवर येतो. तुम्ही बेसूरही आहात आणि उशिराही येता."

आम्ही हसायचो. मास्तरही हसायचे. पण हंगाम सुरू झाला की त्यांचं हसू कमी व्हायचं, कारण वर्ग रिकामा व्हायचा. शेतकऱ्यांची मुलं ऊसतोडीच्या गडबडीत अडकायची. कारखान्यातल्यांच्या घरी पाहुणे, ओव्हरटाइम, लग्नं. आम्ही त्याला सुट्टी म्हणायचो. मास्तरांच्या घरी त्याला काय म्हणत असतील, याचा विचार कुणी करायचं नाही. मास्तरांना पैसे मागता यायचे नाहीत. फार झालं तर ते सायकलच्या टायरबद्दल बोलायचे. "टायर अगदी गुळगुळीत झालाय बघा," असं ते म्हणाले की समजायचं, मास्तरांच्या घरी डबे रिकामे आहेत. मला ते समजायचं. ज्यांच्याशी ते बोलायचे त्यांना टायरच दिसायचा.

भाऊसाहेब नावाचा एक शेतकरी पेटी शिकायला यायचा. तिशी ओलांडलेला, गावच्या भजनात पेटी वाजवणारा, हाताची बोटं उसाच्या पेरांसारखी. तो एक दिवस दारातूनच म्हणाला, "मास्तर, टोळी आली हाय. ऊस तुटस्तवर काय मला यायला जमायचं न्हाई. पर सूर ध्यानात हायेत, काळजी करू नका."

"सुरांची नाही काळजी," मास्तर म्हणाले आणि पुढचं गिळून टाकलं.

भाऊसाहेबाने काकवीची बरणी उंबऱ्यात ठेवली आणि तो गेला. ही त्याची फी. मास्तरांच्या घरी त्या वर्षी काकवी इतकी साठली होती, की त्यांच्या बायकोने ती शेजाऱ्यांना वाटली.

हे सगळं अण्णांनी पाहिलं. माझे वडील वाईट माणूस नव्हते, हे मला इथेच सांगून टाकायला हवं, म्हणजे पुढे सांगताना सोपं जाईल. मला न्यायला ते एकदा वर्गावर आले, मास्तर एकटेच पेटीपुढे बसलेले दिसले आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. फरक एवढाच, की दुसऱ्याला वाईट वाटलं तर तो चहा पाजतो. अण्णांना वाईट वाटलं की ते नियमावली लिहीत.

आणि अण्णांना जगात एकच नियमावली माहीत होती. कारखान्याची.

कारखान्यात कामगार दोन प्रकारचे असतात. कायम आणि हंगामी. कायमवाल्याला बारा महिने पगार. हंगामीवाल्याला गाळप चालू असेल तेव्हा पूर्ण आणि कारखाना बंद असताना घरी बसून थोडासा, म्हणजे पुढच्या हंगामाला तो दुसरीकडे जाऊ नये. अण्णांनी हेच गाण्याला लावलं. बारा महिने फी भरेल तो कायम विद्यार्थी. सोयीने येईल तो हंगामी; त्याने न येण्याच्या महिन्यांतही थोडी फी भरायची, म्हणजे त्याची जागा राहील आणि मास्तरांचा संसार चालेल. आज विचार करते तेव्हा वाटतं, याहून समंजस व्यवस्था अजूनपर्यंत मी कुठल्या क्लासात पाहिली नाही. गडबड व्यवस्थेत नव्हती. गडबड हजेरीत होती.

कारण हजेरीलाही अण्णांनी कारखानाच आणला. गेटवर प्रत्येक कामगाराचा नंबर मारलेला बिल्ला असतो. आत जाताना तो त्याने स्वतःच्या हाताने फळ्यावरच्या खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा तर माणूस गैरहजर, मग तो आत बॉयलरपाशी घाम गाळत का असेना. अण्णांनी वर्कशॉपमधून पत्र्याचे तुकडे कापून आणले, त्यांवर नंबर ठोकून घेतले आणि वाचनालयाच्या दाराशी फळा लावला. ज्याचा बिल्ला त्यानेच लावायचा. दुसऱ्याने लावल्यास दोघेही गैरहजर. माझा बिल्ला त्यांनी मला ऑफिसातून आल्यावर हातात दिला, तेव्हा तो अजून वर्कशॉपच्या तेलाने ओशट होता. मला त्याचा अभिमान वाटला. माझ्या नावाची जगात कुठेतरी एक जागा आहे आणि तिथे खिळा आहे, याचा अभिमान वाटण्याचं ते वय.

नियमांचं उद्घाटन झालं. आमच्याकडे विहिरीवर मोटर बसवली तरी नारळ फुटतो, तर नियमांना का नाही? कारखान्याचे एक संचालक आले. सगळे त्यांना आबा म्हणत. व्यासपीठ म्हणजे वाचनालयाची दोन टेबलं आणि शाळेचा गालिचा. आबांनी भाषण केलं. साखर गोड, सूर गोड, आणि दोन्हींना शिस्त लागते, असा त्याचा सारांश. तो सांगायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात एक बैलगाडी ऊस गाळून झाला असता. मास्तरांना शाल दिली. मास्तर ती खांद्यावर घेऊन अवघडून बसले, दुसऱ्याच्या लग्नात चुकून पहिल्या पंगतीला बसवलेल्या माणसासारखे.

अण्णांनी नियम वाचून दाखवले. शेवटी म्हणाले, "काही शंका?"

भाऊसाहेब मागून उठला. "साहेब, मी कायम का हंगामी?"

"हंगामी."

"पर मी तर हंगामातच येत न्हाई."

"म्हणूनच हंगामी," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

"आस्सं. आन् न आलेल्याचेबी पैसं द्यायचे?"

"थोडे."

"आमी लगीन केलं तवाबी इतक्या अटी नव्हत्या, साहेब." सगळे हसले. भाऊसाहेबाने कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या आणि तिथल्या तिथे मास्तरांच्या हातात ठेवल्या. "घ्या. मास्तर जगला पायजे, मंग गानं."

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. वर्ग वेळेवर भरू लागला. मास्तरांच्या सायकलला दोन नवे टायर आले. त्यांच्या सदऱ्याला इस्त्री आली, आणि इस्त्रीबरोबर आवाजात थोडी धारही. ते आता "येत चला" असं म्हणत नव्हते, "वेळेवर या" म्हणत. मला ते आवडलं होतं. आपला मास्तर टायरबद्दल बोलत नाही, हे किती बरं वाटणारं असतं.

माझ्यापुरतं त्या हंगामात एकच मोठं काम होतं. प्रवेशिकेची परीक्षा. उन्हाळ्याच्या तोंडाला नगरच्या केंद्रावर ती व्हायची. अण्णांनी घरी सांगून ठेवलं होतं, "यंदा परीक्षा पास झालीस तर गाणं चालू. नाहीतर पुढच्या वर्षीपासून शिवणक्लास. पोरीच्या जातीला काहीतरी हातात असावं." अण्णांच्या घरात एकदा बोललेलं बदलत नसे. परीक्षेच्या फॉर्मवर मास्तरांची सही लागायची आणि सहीसाठी हजेरी लागायची. माझी हजेरी चोख होती. टाइमकीपरची मुलगी मी.

मग जीप येऊ लागली.

आबांची मुलगी रजनी माझ्याच वयाची. तीही त्या वर्षी परीक्षेला बसणार होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती यायची नाही. मास्तरच आठवड्यातून दोनदा बंगल्यावर जायचे. नेमके क्लासाच्या वेळेत, कारण रजनीला बाकीच्या वेळात इंग्रजीची शिकवणी होती. मास्तर गेले की वर्गात मुलं आपापसात पलटे घोकत बसायची. बंगल्यावर तंबोरा होता, मिरजेहून आणवलेला. धरायला कुणी नव्हतं.

"शालू, तू चल," मास्तर म्हणाले. "तंबोरा धर. कान तयार होईल तुझा."

जीप घेऊन आबांचा ड्रायव्हर गफूरचाचा आमच्या दाराशी यायचा, मास्तर पुढे बसलेले असायचे, मी मागे चढायचे. कॉलनीतल्या बायका खिडकीतून बघायच्या. आई म्हणायची, "पोरगी संचालक झाली."

बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतभर आबा होते. वेगवेगळ्या पुढाऱ्यांना वेगवेगळे हार घालणारे एकच आबा. पेटीवर क्रोशाचं झाकण, कोपऱ्यात कुणी न वाजवलेली सतार, आणि मधोमध एक लांब सतरंजी. पुढे मास्तर आणि रजनी, मागे मी आणि तंबोरा.

तंबोऱ्याबद्दल मला खोटं बोलता येणार नाही. आयुष्यात मला जे काही मोजकं सुख मिळालं त्यात ते वरचं आहे. मास्तरांनी तारेखाली दोरा कसा सरकवायचा ते शिकवलं; केसाएवढा सरकला तरी तार मुकी व्हायची, आणि बरोबर जागी बसला की तिच्यातून दुसरेच सूर उमलायचे, जे कुणी वाजवत नव्हतं. पंचम, जोड, खर्ज. मी दांडीला कान टेकवून बसायचे. रजनी भूप गायची, चुकायची, पुन्हा गायची, आणि मी मागे ओठ मिटून तोच भूप गायचे. तिची प्रत्येक चूक मला पाठ झाली आणि प्रत्येक चुकीबरोबर मास्तरांनी दिलेली दुरुस्तीही. तिकडे आमच्या वर्गात जे एका महिन्यात झालं नसतं ते इथे दोन संध्याकाळींत व्हायचं.

रजनी चांगली होती. मधल्या वेळात चिक्कीचा मोठा तुकडा मला द्यायची आणि म्हणायची, "तू मागे बसलीस ना, की मला भीती वाटत नाही."

पहिल्याच आठवड्यात मी मास्तरांना विचारलं होतं. जीप कॅनॉलच्या पुलावरून जात होती, शेजारून उसाच्या गाड्यांची रांग घुंगरं वाजवत चालली होती. मी म्हटलं, "मास्तर, माझा बिल्ला? मी इथे असले की फळ्यावर खिळा रिकामा राहतो."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि हसले. "अगं, मी आहे ना. माझ्याबरोबर असतेस म्हणजे वर्गातच असतेस."

गफूरचाचाही हसला. मला लाज वाटली, की गाण्याच्या माणसाला मी पत्र्याचं विचारलं. त्यानंतर पुन्हा विचारलं नाही. जीप यायची, बिल्ला दप्तरात राहायचा.

हंगाम संपत आला, उसाच्या गाड्या विरळ झाल्या, आणि एक दिवस वाचनालयाच्या दारावर कागद लागला. परीक्षेला पात्र विद्यार्थ्यांचे नंबर. रजनीचा होता. माझा नव्हता.

मी घरी पळत आले. अण्णा बशीत चहा ओतत होते.

"अण्णा, माझा नंबर राहिला."

"राहिला नाही. बसला नाही." त्यांनी बशी खाली ठेवली नाही. "हजेरी कमी पडली."

"मी बंगल्यावर होते! मास्तरांबरोबर!"

"माहीत आहे. जीप आपल्याच दारातून जायची."

"मग?"

"बिल्ला कुठे होता?"

"दप्तरात."

"मग गैरहजर."

"रजनी तर एकदाही आली नाही वर्गात. तिचा बिल्ला कुणी लावला?"

"तिच्या घरी शिकवणी होती. तशा विद्यार्थ्याची हजेरी मास्तरांनी लिहून द्यायची, असं कलम आहे. त्यांनी लिहून दिली."

"माझी का नाही दिली?"

इथे ते थांबले. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून थांबले. नियमात नेमकं काय बसतं ते शोधत होते. मग म्हणाले, "तू तिथे शिकायला नव्हतीस. साथीला होतीस. साथीचं कलम नाही."

एकाच सतरंजीवर, एकाच वेळी, एकच भूप ऐकत बसलेल्या आम्ही दोघी. पुढची हजर, मागची गैरहजर. एवढा अचूक हिशेब मी नंतर मोठमोठ्या कचेऱ्यांतसुद्धा पाहिला नाही.

आई चुलीपासून उठून दारात आली. "मग घाला की कलम. लिहिणारे तुम्हीच ना?"

"आत्ता घातलं तर लोक काय म्हणतील? टाइमकीपरने स्वतःच्या पोरीसाठी घातलं."

"म्हणू देत."

"तुला नाही कळायचं ते."

"मला एवढं कळतं," आई म्हणाली, "की ती तुमची पोरगी आहे, बॉयलरवरची कामगार नाही. आणि गाणं बंद होणार ते तिचं, लोकांचं नाही."

अण्णांनी चहा संपवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही. त्यांना दुःख झालं होतं, आणि त्या दुःखाचं त्यांना थोडं समाधानही होतं. नियमासाठी आपण पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, हे उद्या ऑफिसात कुणीतरी म्हणेल, याचं समाधान. मी ज्या खिळ्याचा अभिमान धरला होता तो त्यांनी स्वतःसाठी ठोकला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग सुरू होण्याआधी मास्तरांकडे गेले. ते एकटेच होते. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या अण्णांचेच नियम आहेत गं. मी काय करणार?"

"लिहून द्यायचं. रजनीचं दिलंत तसं."

भाता न हलवता त्यांनी पेटीची एक पट्टी दाबली. आवाज आला नाही. मग हळू म्हणाले, "तुला नेत होतो असं लिहिलं, तर क्लासाच्या वेळात मी बंगल्यावर जात होतो हेही कागदावर येतं. नुसतं माहीत असणं वेगळं. बाकीचे फी भरतात, शालू. ते म्हणतील, आमचा तास कुठे गेला. रजनीच्या कागदावर वेळ लिहावी लागत नाही. तुझ्या लागेल." आणि मग, माझ्या मागे कुणी नाही हे बघून, "पुढच्या वर्षी बस. पुढच्या वर्षी मी स्वतः बघतो."

पुढच्या वर्षी माझ्या हातात कात्री असणार होती, हे त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

मास्तर गरीब होते, बंगल्याला नाही म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं, हे मला कळतं. मोठेपणी मी खूप वाचलं, आणि गरिबी माणसाला काय करायला लावते यावर तर आपल्याकडे कपाटं भरून पुस्तकं आहेत. मी ती वाचते आणि पटतात. पण कुठल्याही पुस्तकाने मला अजून हे सांगितलेलं नाही, की जे कागदावर येऊ द्यायचं नव्हतं त्याची किंमत भरायला त्यांना वर्गातून मीच का सापडले. मला वाटतं, मी सोयीची होते म्हणून. मी विश्वास ठेवला होता, आणि विश्वास ठेवणाऱ्याचा बिल्ला दप्तरातच असतो.

भाऊसाहेबाचा ऊस तुटला होता, तो पुन्हा वर्गाला येऊ लागला होता. त्याने मला कॅनॉलच्या कडेने रडत जाताना पाहिलं आणि सायकलवरून उतरला.

"काय गं शालू, कुनी मारलं का?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मंग तूबी हंगामीच निघाली की."

मी रागाने बघितलं. त्याचं हसू लगेच गेलं. "चेष्टा केली गं. आपल्या वाड्यावस्तीवर आसं झालं आस्तं ना, तर भांडान झालं आस्तं मोठं. शिव्या झाल्या आस्त्या. तुमच्यात लई शांततेत गळा कापत्यात." सायकल हातात धरून तो मला कॉलनीच्या गेटापर्यंत सोडायला आला. त्या सबंध प्रकरणात माझ्या बाजूने झालेलं तेवढंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचनालयाचा शिपाई निरोप घेऊन आला. उद्या सकाळी जीप येईल, शालूला तंबोऱ्याला पाठवा. रजनीला तिच्याशिवाय गाता येत नाही.

अण्णा म्हणाले, "जा की. परीक्षेचा हॉल तरी बघून होईल."

मी म्हटलं, "मी जाणार नाही."

त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. सकाळपर्यंत मुलीचं डोकं ताळ्यावर येतं, असा त्यांचा अनुभव असावा.

सकाळी मी न्हाऊन केस पुसत होते, तेव्हा हॉर्न वाजला. अण्णा ऑफिसला निघायच्या तयारीत दारात उभे होते. त्यांनी आत माझ्याकडे पाहिलं. मी तशीच उभी राहिले. हॉर्न पुन्हा वाजला.

"गफूरभाई," अण्णा बाहेर जाऊन म्हणाले, "तिला ताप आहे हो. रात्रीपासून. अंगात कणकण आहे. साहेबांना सांगा, फार इच्छा होती तिची."

मी आतून ऐकत होते. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ज्यांनी एकाही कामगाराचा ताप मान्य केला नाही, ते माझे वडील किती सहज, किती गोड आवाजात खोटं बोलत होते. माझ्यासाठी एक ओळ लिहायची तर त्यांचं तत्त्व आडवं आलं होतं. आबांच्या जीपपुढे ते तत्त्व कुठे बाजूला झालं, मला दिसलंही नाही. तेवढ्या क्षणापर्यंत मी त्यांच्यावर रागावलेली होते. त्या क्षणी राग गेला, आणि त्याच्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं.

मी ओल्या केसांनीच बाहेर आले.

"मला ताप नाही, गफूरचाचा. मी येत नाही, एवढंच."

गफूरचाचाने माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. मागच्या सीटवर रजनी बसली होती, खोळ घातलेला तंबोरा आडवा मांडीवर घेऊन. मास्तर पुढे बसले होते. ते समोर काचेतून बघत राहिले.

"अब मैं क्या बोलू बेटा साहब को?" गफूरचाचा म्हणाला. घाबरला की तो मराठी विसरायचा.

"दोन्ही सांगा. अण्णांनी सांगितलं ते, आणि मी सांगितलं ते."

जीप गेली. अण्णा अंगणात तसेच उभे होते. शेजारची खिडकी उघडी होती. टोपी सारखी करून ते ऑफिसला गेले, वेळेवर.

रजनी पास झाली. तिचा आवाज वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते. जूनमध्ये मला शिवणक्लासाला घातलं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. उभे ऊस वाळले, जनावरांना घालायला लोकांनी तेच तोडले. कॉलनीत सगळे पाण्याबद्दल बोलायचे, आणि एका मुलीचं गाणं बंद झालं ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली नाही. इतक्या मोठ्या तहानेपुढे माझी तक्रार मलाही लहान वाटायची. लहान वाटायची, पण जायची नाही.

दिवाळीनंतर हंगाम कसाबसा सुरू झाला. भोंगा झाला. एका संध्याकाळी अण्णा ऑफिसातून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. क्लासाची सुधारित नियमावली होती. मला समोर बसवून ते वाचू लागले. सगळी नाही, एकच कलम.

"'शिक्षकांच्या सूचनेवरून साथीस बसलेल्या विद्यार्थ्याची हजेरी धरण्यात येईल.'"

वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस भेटवस्तू देऊन बघतो तसं. आई वाढता वाढता थांबली. मला कळलं, की हे त्यांचं माफी मागणं आहे. याहून जास्त त्यांना येत नाही, आणि हे लिहायला त्यांना सबंध पावसाळा लागला असणार. क्षणभर माझं मन हललंसुद्धा.

कलमाखाली आणखी एक ओळ होती. ती त्यांच्या अंगठ्याखाली झाकली गेली होती. मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि ती मोठ्याने वाचली, आईला ऐकू जाईल अशी.

"'ही दुरुस्ती चालू हंगामापासून लागू. मागील प्रकरणांचा विचार केला जाणार नाही.'"